उजेडाची बाजू

कॅमेरा डोळ्याला लावला आणि मला आधी वाटलं, भिंगावर काहीतरी आलंय. फुलांच्या प्रदर्शनात मांडलेलं पांढरं ऑर्किड होतं, उंच दांडीचं, खालपासून वरपर्यंत फुलं आणि टोकाला एक मिटलेली कळी. खालची दोन फुलं डावीकडे बघत होती आणि वरची सगळी उजवीकडे. एकाच दांडीवर. घरातल्या सगळ्यांना फोटोसाठी ओळीने उभं करावं आणि ऐन वेळी दोघांनी रुसून तोंड फिरवावं, तसं. मी कॅमेरा खाली घेतला, भिंग पुसलं, पुन्हा बघितलं. भिंगाची काही चूक नव्हती. आता तोंडं वळवणं हाच तर माझा धंदा आहे. दिवसभर स्टुडिओत स्टुलावर माणसं बसवायची, हनुवटी जरा वर, खांदे सैल, माझ्याकडे नको, भिंगाकडे बघा, आणि पासपोर्टवर चिकटवण्याजोगा सरळ चेहरा त्यांच्या हातात द्यायचा. तेव्हा कोण कुठे वळलंय हे मला कळत नाही असं निदान कुणी म्हणू नये. मग माझी नजर कुंडीवर गेली. कडेला नेलपॉलिशचा एक लाल ठिपका होता. कुंडी सासूबाईंची होती.

त्या ठिपक्याची हकिगत अशी. ऑर्किडला दांडी आली की कळ्या उजेडाच्या दिशेने वळतात, फुलायच्या आधीच तोंड कुठे करायचं ते ठरवतात, आणि एकदा फूल उमललं की ते मरेपर्यंत तिकडेच बघतं. मधेच कुणी कुंडी फिरवली तर उमललेली फुलं तशीच राहतात आणि उरलेल्या कळ्या नव्या उजेडाकडे वळतात. मग दांडीची अगदी शोभा होते. म्हणून सासूबाई कुंडीच्या कडेला, उजेडाच्या बाजूला, नेलपॉलिशचा ठिपका देतात. पाणी घालायला कुंडी मोरीत नेली तरी गॅलरीत परत ठेवताना ठिपका बाहेरच्या बाजूला. आयुष्यात नखं न रंगवलेली ही बाई दुकानात गेली आणि लाल नेलपॉलिशची बाटली मागितली, तेव्हा दुकानदारीण म्हणाली होती, काय विशेष आज? सासूबाई म्हणाल्या, कुंडीला लावायचंय. मी घरात आल्यापासून मला त्यांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या, गॅस बंद केल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही आणि दांडी आलेली कुंडी फिरवायची नाही. त्यांच्या मुलाने एकदा बूट वाळत घालायला जागा हवी म्हणून कुंडी बाजूला सरकवली आणि सरकवताना फिरवली. सासूबाई फुलं गळेपर्यंत त्याच्याशी हो आणि नाही एवढंच बोलल्या. ऑर्किडची फुलं फार टिकतात. तो रडकुंडीला आला होता.

त्यांचा मुलगा म्हणजे माझा नवरा, म्हणजे होता. माजी नवरा म्हणायला मला जमत नाही, माजी अध्यक्ष म्हटल्यासारखं वाटतं, खुर्ची जाऊनही पाटी न काढलेला. आम्ही वाईट भांडून वेगळे झालो नाही. भांडायलाही काहीतरी शिल्लक असावं लागतं. एकमेकांना मीठ दे, टॉवेल दे, किल्ली कुठंय, एवढंच उरलं होतं. एका सकाळी किल्ली कुठंय असं त्याने विचारलं आणि मी म्हटलं, मला वाटतं आपण थांबूया. त्याने किल्ली सापडेपर्यंत उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, मलाही तेच वाटतं. त्याने दुसऱ्या शहरात बदली मागून घेतली, मी स्टुडिओजवळ एक खोली बघितली, कागदांवर सह्या झाल्या. कपाट त्याचं, शिलाई मशीन माझं, डायनिंग टेबल कुणालाच नको. सगळं अगदी शिस्तीत झालं. फक्त मला त्या घरातून जी एकच गोष्ट खरोखर हवी होती ती मागायला कागदावर जागा नव्हती. सासू काही वाटून घेता येत नाही. ती मुलाच्या बाजूला जाते, कायद्याने, रीतीने, सगळ्यांच्याच समजुतीने. आणि मला ती हवी होती. हे मी खोली लावताना, पहिल्यांदा एकटीचा कुकर लावताना स्वतःशी कबूल केलं आणि मग ओट्याला टेकून चांगली रडले.

फोन करायचं किती वेळा मनात आलं. पण फोन लागला की पहिला शब्द काय म्हणायचा तिथेच गाडी अडायची. इतकी वर्षं आई म्हणत होते. आता कुठल्या तोंडाने म्हणू? आणि आई नाही तर काय, काकू? शेजारच्या बिऱ्हाडातल्या असल्यासारखं? दोनतीनदा नंबर काढला आणि फोन उलटा ठेवून दिला. त्यांचाही फोन आला नाही. म्हणजे त्या रागावल्या आहेत असं मी धरून चालले, आणि हळूहळू ते खरंच वाटायला लागलं. या वर्षी प्रदर्शनाचं काम घेऊच नये असंही ठरवलं होतं. दरवर्षी या काचघरात बक्षीस मिळालेल्या फुलांचे फोटो मी काढते. हे काम मला मिळवून दिलं तेही त्यांनीच. आमची सून फोटो काढते, बागेच्या समितीला असं त्या इतक्या वेळा म्हणाल्या होत्या की समिती कंटाळून हो म्हणाली असावी. या वर्षीही पत्र आलं, मी नाही म्हणणार होते आणि हो म्हणून बसले. आणि आता परीक्षण चालू असलेल्या, लोकांसाठी अजून न उघडलेल्या त्या दमट काचघरात, कॅमेरा गळ्यात घेऊन, मी त्यांच्या बिघडलेल्या दांडीसमोर उभी होते.

त्यांनी कुंडी फिरवली. मला दुसरं काही सुचेना. ज्या बाईने झाडू मारणारीला गॅलरीत पाऊल टाकू दिलं नाही, तिने ऐन कळ्यांत कुंडी फिरवली. मनात नाही नाही ते यायला लागलं. पडल्या का कुठे? डोळ्यांनी दिसेनासं झालंय का? का विसरायला लागल्या आहेत? माझ्या एका मावशीचं असंच सुरू झालं होतं. आधी ती दुधावर झाकण ठेवायला विसरली, मग दूध आणलंय हेच विसरली, आणि शेवटी दारात उभ्या असलेल्या आपल्या बहिणीला म्हणाली, आज दूध नकोय. आम्ही हसलो होतो तेव्हा, आणि नंतर कितीतरी दिवस कुणालाच हसू आलं नव्हतं. घरात एकटी बाई. मुलगा दुसऱ्या गावी. मी निघून आलेली. गॅस बंद केला का हे विचारणारंही कुणी नाही. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि मग रागही आला, त्यांचा नाही, स्वतःचाही नाही, असाच, इकडेतिकडे बघत फिरणारा राग.

तेवढ्यात परीक्षक आले. त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग असतं म्हणून समितीत सगळे त्यांना भिंगवाले म्हणतात, त्यांनाही ते माहीत आहे. त्यांनी दांडीकडे पाहिलं, चुकचुकले, भिंग उचललंसुद्धा नाही.

“झाड काय सुंदर आहे हो,” ते म्हणाले. “पानं बघा, एकावर डाग नाही. पण कुंडी हलवली कुणीतरी. ऐन वेळी. या मावशींकडून असं व्हावं म्हणजे कमाल आहे.” समितीत सगळे सासूबाईंना मावशी म्हणतात.

“म्हणजे बक्षीस नाही?”

“बक्षीस कसलं. मांडायलाच नको होतं. अशी दांडी माणूस घरी ठेवतो, प्रदर्शनाला आणत नाही.” आणि मग जरा खालच्या आवाजात, “प्रकृती बरी आहे ना त्यांची?”

मला काय माहीत, असं तोंडावर आलं होतं. मी मान हलवली, हो आणि नाही यांच्या मधोमध, आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले. माझं काम खरं तर त्यांच्या मागोमाग जायचं होतं, ते चिठ्ठी लावतील त्या फुलाचा फोटो काढायचा. मी गेले नाही. मी पिशवीतलं काळं मखमली कापड काढलं. फुलाच्या मागे ते धरलं की मागची सगळी गर्दी, टेबलं, कुणाच्या पिशव्या, कुणाचे खांदे, सगळं नाहीसं होतं आणि फूल एकटं उरतं. बक्षीस नाही तर नाही, मी हा फोटो काढणार होते. कशासाठी ते विचारू नका. पुढच्या वर्षी त्या इथे असतील का, हे मला तेव्हा सांगता येत नव्हतं.

दरवर्षी ते कापड सासूबाई धरायच्या. दोन्ही हात वर करून, स्वतः कापडामागे लपून, आतून विचारायच्या, झालं का? काढलास का? अगं हात भरून आले. आणि प्रत्येक फोटोच्या वरच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा यायचा. जाड, नखाच्या बाजूला चिरलेला, मातीत काम करून करून कायमचा काळपट झालेला. घरी आल्यावर मी तो कापून टाकायची. समितीकडे जितके फोटो आहेत त्या सगळ्यांच्या बाहेर, थोडासाच बाहेर, तो अंगठा आहे. या वर्षी मी दोन चिमटे आणि एक घडीचा स्टँड आणला होता. चिमटे कापडाला बसेनात. एक बसवला की दुसरा सुटायचा, कापड फुलांवर पडेल म्हणून मी घाईने सावरायची. वाकून तिसऱ्यांदा चिमटा उचलायला गेले तेव्हा माझं तोंड कुंडीच्या कडेपाशी आलं, आणि तिथे, लाल ठिपक्याच्या बऱ्याच पुढे, कुंडीच्या जवळजवळ पलीकडच्या बाजूला, मला दुसरा ठिपका दिसला. जांभळा होता.

जांभळं नेलपॉलिश माझं. एका लग्नाला जाताना घेतलं होतं, लावल्यावर बोटं दारात सापडल्यासारखी दिसायला लागली म्हणून त्यांच्या मुलाने पोट धरून हसून घेतलं होतं, मीही हसले होते. तेव्हा आम्ही हसायचो. ती बाटली मी आमच्या खोलीतल्या टेबलाच्या खणात टाकली ती कायमची. निघताना तो खण मी उघडला नव्हता. मी तशीच वाकलेली राहिले. म्हणजे पडल्या नव्हत्या, विसरल्या नव्हत्या. विसरलेला माणूस ठिपका देत नाही. त्यांनी कुंडी उचलली, आमच्या खोलीत नेली, आमच्या खिडकीत ठेवली, आणि ती तिथे कायमची ठेवायची म्हणून, हाताशी आली ती बाटली उघडून, उजेडाच्या बाजूला नीट ठिपका दिला. मी घर सोडलं त्या दिवशी दांडीवर दोनच फुलं उमललेली होती. ते मला पक्कं आठवत होतं, कारण हातात बॅग घेऊन मी त्या दोन फुलांकडेच बघत उभी होते, सासूबाईंकडे बघवेना म्हणून. ती दोन फुलं अजून गॅलरीतल्या उजेडाकडे वळलेली होती. बाकीची सगळी माझ्यानंतरची होती.

“सोड ते चिमटे,” मागून आवाज आला. “कापड फाटेल. दे इकडे.”

त्यांनी माझ्या हातातून कापड घेतलं. साडीवर तो जुना राखी स्वेटर, हातात नेहमीची मोठी पर्स, ती त्यांनी टेबलाखाली ठेवली. वजन जरा उतरलं होतं. बाकी त्या त्याच होत्या. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि पहिलाच शब्द सापडेना.

“बरं आहे ना?” मी म्हटलं. कुणाला, ते तसंच अधांतरी राहिलं.

“मला काय झालंय?” त्या कापडाच्या मागे गेल्या. दोन हात तेवढे वर दिसत होते. “त्या भिंगवाल्याने चार जणांना विचारलं माझ्या प्रकृतीबद्दल. तुला विचारलं का?”

“विचारलं.”

“मग काय सांगितलंस?”

“काही नाही.”

“बरं केलंस. काढ फोटो.”

मी कॅमेरा लावला. काळ्यावर पांढरी फुलं, दोन तिकडे, बाकी इकडे, आणि वरच्या कोपऱ्यात अंगठा. कापडामागचं माणूस दिसत नसलं की बोलायला सोपं जातं, हे मला स्टुडिओतल्या पडद्यामुळे माहीत आहे. तिथे केस विंचरता विंचरता लोक मला काय काय सांगतात. मी म्हटलं, “कुंडी खोलीत ठेवली होती.”

कापड थोडं हललं. “खोली बंद राहिली की कुबट वास येतो,” त्या म्हणाल्या. “मी ठरवायची, रोज सकाळी दार उघडायचं, खिडकी उघडायची. आणि रोज दारापर्यंत जाऊन परत यायची. आत जाववेना. मग म्हटलं, कुंडी नेऊन ठेवते आत. झाडाला पाणी घालायला तरी जावंच लागेल ना. झाड काही माझ्यासारखं नाही, त्याला उपाशी ठेवता येत नाही.”

“पण दांडी बिघडली.”

“बिघडली तर बिघडली. मला खोलीत जाता यायला लागलं.” त्या म्हणाल्या, “पहिल्या दिवशी गेले तेव्हा तुझ्या पलंगावर बसून राहिले. उन्हं डोक्यावर येईपर्यंत. स्वयंपाकही केला नाही.”

मला पुढचं नीट दिसेना. मी उगीचच बटण दाबत राहिले. फोटो हलणार होते, सगळे हलणार होते, पण आवाज चालू राहायला हवा होता. एवढ्यात समितीतल्या एक बाई हातात चहाचा कप घेऊन आल्या आणि कापडाच्या वरून डोकावून म्हणाल्या, “सूनबाई आल्या वाटतं. मी म्हणतच होते, यांच्याशिवाय मावशींचं पान हलत नाही.” त्या बाईंना काही माहीत नव्हतं. कापड जरा खाली आलं, पुन्हा वर गेलं.

“आलीय,” सासूबाई म्हणाल्या. “काम करू दे तिला.”

त्या बाई गेल्या. मी विचारलं, खूप वेळ विचारायचं होतं ते, “बक्षीस मिळणार नाही हे माहीत होतं, तर आणलं कशाला?”

हात खाली आले. कापड घडी करत त्या टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आल्या, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. “मला एवढं कळत नाही का? तू येशील म्हणून आणलं. तुझं काम आहे हे, तू येणारच होतीस. फोन करायला हात धजेना. तो माझा मुलगा आहे, त्याच्या आईने तुला फोन करून काय म्हणायचं? चूक कोणाची ते मला माहीत नाही, मी विचारणारही नाही. पण झाड पाहिल्यावर तू काहीतरी बोलशील असं वाटलं. कुणी तोंड फिरवलेलं तुझ्या बरोबर लक्षात येतं.”

“मला वाटलं तुम्ही रागावलात.”

“रागावले होते ना. चांगली रागावले होते. मग कंटाळा आला रागाचा.” त्यांनी कापड माझ्या पिशवीत कोंबलं, नेहमीसारखं, चुरगळून. “जा आता. त्या भिंगवाल्याने चिठ्ठ्या लावल्या, तू इथेच बसलीस तर पुढच्या वर्षी काम देणार नाहीत.”

दिवसभर मी लोकांच्या बक्षिसांचे फोटो काढले. पिवळी, ठिपक्यांची, हिरवट, जिभा बाहेर काढलेली, सगळी फुलं एका दिशेने बघणारी, शहाणी. मधे मधे मान वळवून त्या टेबलाकडे बघायची. त्या खुर्चीवर बसून लोकांना सांगत होत्या, हो, फिरलंय, माहीत आहे मला, पुढे चला. संध्याकाळी घंटा झाली, लोक आपापल्या कुंड्या उचलायला लागले. मी त्यांची कुंडी टॅक्सीपर्यंत न्यायची असं दरवर्षी ठरलेलं. मी दोन्ही हातांनी उचलली, जांभळा ठिपका छातीकडे. फाटकाबाहेर टॅक्सीचं दार उघडून त्यांनी मला आधी आत बसवलं. कुंडी मांडीवर होती, उतरताही येईना. आणि मग त्या शेजारी बसल्या आणि विचारलं, “तुझ्या घरात उजेड कुठून येतो?”

त्या खोलीबद्दल मला खूप जणांनी विचारलं होतं. भाडं किती, एकटी राहतेस का, पाणी येतं का, घरमालक कसा आहे. हे कुणी विचारलं नव्हतं. आणि मला सांगता येईना. मी सकाळी दिवा लावून आवरायची आणि दिवा मालवून निघायची. “एक खिडकी आहे मोठी,” मी म्हटलं. “पण समोर खोकी आहेत. सामानाची. अजून लावली नाहीत.”

“अजून?”

“अजून.”

“पत्ता सांग त्यांना,” त्या चालकाकडे बोट करून म्हणाल्या.

खोलीत त्यांनी काही बघितलं नाही, की बघूनही दाखवलं नाही. स्वेटर काढून दाराच्या खुंटीला अडकवला आणि सरळ खोक्यांना हात घातला. एक त्या ओढत होत्या, एक मी. सगळ्यात वरची दोन नुसती कपड्यांची निघाली, खालची जड होती. शेवटचं सरकलं तेव्हा भिंतीवर, पलंगावर आणि माझ्या चपलांवर एकदम ऊन पडलं, मावळतीचं, तांबूस, जमिनीवरच्या धुळीसकट सगळं दाखवणारं. मी इतके दिवस या खोलीत राहत होते आणि तिला संध्याकाळचं ऊन आहे हे मला ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी खिडकीची कड पदराने पुसली. कुंडी ठेवली. एक पाऊल मागे येऊन बघितलं, पुन्हा पुढे जाऊन ती जराशी फिरवली, टोकाची मिटलेली कळी काचेकडे येईल अशी. मग पर्समधून बाटली काढली. जांभळी. ती सकाळपासून त्यांच्या पर्समध्ये होती.

“एकच राहिलीय,” त्या कळीकडे बघत म्हणाल्या आणि वाकून कडेला तिसरा ठिपका दिला. “आठवड्याभरात उमलेल. आता मात्र फिरवायची नाही. आणि तो वाळेपर्यंत हात लावू नकोस.”

“नाही लावणार.”

“मी बघायला येईन. उमललं की कळव.” बाटलीचं झाकण लावत त्या ओट्याकडे वळल्या, बर्नर पेटवून बघितला, मालवला, फडताळ उघडलं, त्यात एक कप आणि एक ताटली होती, ते बंद केलं. “चहा तरी करता येतो का या घरात? भांडं कुठंय?”

मी त्या कळीकडे बघत होते. तिच्या हिरव्या बुंध्याशी थोडासा पीळ पडल्यासारखा वाटत होता, किंवा माझ्या डोळ्यांना तसं दिसत होतं.

“आई, पातेलं खोक्यात आहे,” मी म्हटलं.

“कुठल्या खोक्यात?” त्यांनी विचारलं, आणि खाली बसून दोरी सोडायला लागल्या.